हिऱ्यांतील वैगुण्य आणि प्रकाशाची शिस्त

हिऱ्याची पारख करणारा जवाहीर भिंगांतून प्रथम पाहतो तें हिऱ्याचें तेज नव्हे, तर त्यांतील दोष. आपल्याकडील जुन्या रत्नपरीक्षेच्या ग्रंथांतहि वज्राच्या गुणांबरोबर काकपद, बिंदु, रेखा अशीं दोषांचीं नांवें मोठ्या काळजीनें नोंदवून ठेविलेलीं आहेत; कारण दोष सांपडला कीं किंमत उतरली. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत मात्र गेल्या कांहीं दशकांत हा व्यवहार उलटा झाला आहे. तेथील संशोधकाला सर्वस्वीं निर्दोष हिरा फारसा उपयोगी पडत नाहीं. अमुक एक दोष त्यांत आहे काय, तो किती प्रमाणांत आहे आणि दुसऱ्या दोषांची त्यांत भेसळ तर नाहीं ना, असे प्रश्न तो विचारतो. आणि निसर्गानें तो दोष ठेविला नसेल तर स्वतः मुद्दाम उत्पन्न करतो.

आज ज्या दोषाविषयीं मी बोलणार आहें त्याची करामत अशी कीं, त्यावर हिरवा प्रकाश पाडला असतां त्याच्या आसपासचे अणुगर्भ, म्हणजे अणूंच्या पोटांतील चिमुकले चुंबक, एका दिशेला तोंड करून उभे राहूं लागतात. त्यासाठीं हिरा अतिशय थंड करावा लागत नाहीं, किंवा प्रचंड चुंबकाच्या तोंडीं द्यावा लागत नाहीं; साध्या खोलीच्या उष्णमानावर हें घडतें. प्रकाशाचा आणि अणुगर्भाच्या चुंबकत्वाचा वरवर पाहतां कांहींहि संबंध नाहीं. तो संबंध हिऱ्यांतील या वैगुण्यानें जोडून दिला आहे.

पहिल्यानें अणुगर्भाच्या चुंबकत्वाविषयीं थोडेंसें सांगितलें पाहिजे. कांहीं अणुगर्भांच्या ठिकाणीं जन्मजात एक गिरकी असते. इंग्रजींत तिला 'स्पिन' म्हणतात. भोंवऱ्याची गिरकी दोरी ओढल्यानें सुरू होते आणि घर्षणानें थांबते. ही गिरकी कोणी सुरू केलेली नसते आणि ती थांबतहि नाहीं, म्हणून भोंवऱ्याची उपमा येथें फार ताणूं नये. गिरकी असलेला अणुगर्भ लहानशा चुंबकासारखा वागतो. पाण्यांतील हायड्रोजनचा अणुगर्भ असा आहे. कार्बनचा नेहमींचा अणुगर्भ, ज्याचा भारांक १२, तो मात्र तसा नाहीं; त्याला गिरकीच नाहीं. परंतु निसर्गांतील कार्बनमध्यें शेंकडा १.१ या प्रमाणांत १३ भारांकाचा त्याचा जो भाऊ मिसळलेला असतो, त्याला गिरकी असते. हिरा म्हणजे कार्बनच. तेव्हां हिऱ्यांतील सुमारें दर नव्वद अणूंमागें एक अणु चुंबकीय वृत्तीचा असतो.

असा अणुगर्भ चुंबकीय क्षेत्रांत ठेविला तर त्याला दोनच मार्ग मोकळे असतात: क्षेत्राच्या दिशेनें राहणें, किंवा तिच्या विरुद्ध राहणें. पहिल्या स्थितींत ऊर्जा किंचित् कमी, म्हणून सर्वच अणुगर्भ तिकडे वळतील असें कोणालाहि वाटेल. पण उष्णतेची धक्काबुक्की त्यांना तसें करूं देत नाहीं. रुग्णालयांतील एम्. आर्. आय्. यंत्र आतां पुष्कळांच्या परिचयाचें झालें आहे. त्यांतील १.५ टेस्लाचें क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून अधिक जोरदार असतें. तरीहि त्या यंत्रांत निजलेल्या मनुष्याच्या शरीरांतील दहा लाख हायड्रोजन-गर्भ घेतले, तर एका दिशेला तोंड करणारांची संख्या दुसऱ्या दिशेच्यांपेक्षां अवघ्या पांचांनीं अधिक भरते. बाकीचे सारे जोडीजोडीनें परस्परांचा परिणाम पुसून टाकतात. त्या पांचांच्या क्षीण आवाजावर डॉक्टरांना दिसणारें सर्व चित्र उभें असतें! फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनीं १९४६ सालीं अमेरिकेंत हा आवाज स्वतंत्रपणें ऐकला, आणि त्याबद्दल १९५२ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

पांचांवर भागतें याचें कारण शरीरांत पाणी अपरंपार आहे. घोटभर पाण्यांतहि हायड्रोजनचे अणु इतके असतात कीं, दहा लाखांतील पांच या हिशेबानेंहि मोठी फौज उभी राहते. परंतु डॉक्टरांना पाण्यापेक्षां अधिक कांहीं पाहावयाचें असलें कीं अडचण येते. शरीरांत साखरेचें काय होतें? तिच्यापासून होणारें पायरुव्हेट कोठें जळतें आणि कोठें त्याचें लॅक्टेट बनतें? हा प्रश्न नुसत्या जिज्ञासेचा नाहीं. कर्करोगाची गांठ पायरुव्हेटचें लॅक्टेट करण्याचा सपाटा निरोगी मांसापेक्षां पुष्कळ अधिक लावते. म्हणून हा बदल डोळ्यांनीं पाहतां आला तर गांठीचा स्वभाव कळतो, आणि औषध लागू पडत आहे कीं नाहीं हें गांठ लहान होण्याची वाट न पाहतां समजूं शकतें. हे पदार्थ कार्बनच्या सांगाड्यावर बांधलेले आहेत. पण कार्बन-१३ चा चुंबक हायड्रोजनच्या चुंबकाच्या केवळ एक-चतुर्थांश जोराचा, संख्येनें शंभरांत एक, आणि पायरुव्हेट तरी शरीरांत असून असून किती असणार? त्याचा आवाज नेहमींच्या रीतीनें ऐकूं येणें जवळजवळ अशक्य.

तेव्हां संख्या वाढवितां येत नसेल तर शिस्त वाढवावी, म्हणजे पांचांच्या ठिकाणीं पांच हजार, पन्नास हजार एका दिशेला वळवावे, हा विचार ओघानेंच येतो. या शिस्तीला शास्त्रीय परिभाषेंत ध्रुवीकरण म्हणतात. २००३ सालीं आर्डेनक्येर-लार्सेन आणि त्यांचे सहकारी यांनीं अशा युक्तीनें द्रवपदार्थांतील अणुगर्भांचा आवाज दहा हजार पटींहून अधिक वाढवून दाखविला, आणि २०१३ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथील प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाच्या रुग्णांवर असें शिस्त लाविलेलें पायरुव्हेट वापरल्याचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यश मोठें खरें. पण त्याची किंमतहि मोठी. तो पदार्थ द्रवरूप हेलियमच्या साह्यानें परम शून्याच्या वर एक-दीड अंशापर्यंत थंड करावयाचा, प्रबळ चुंबकांत तासभर ठेवावयाचा, मग गरम द्रावकांत एकाएकीं विरघळवून धांवतपळत रुग्णाला टोंचावयाचा. कारण ती शिस्त मिनिटा-दोन मिनिटांतच ओसरूं लागते. असलीं यंत्रें गांवोगांवच्या रुग्णालयांत बसतील हें संभवत नाहीं. हिऱ्याकडे लोकांचे डोळे लागले आहेत ते या अडचणीमुळें.

थंडीवांचून शिस्त आणावयाची ती कशी? येथें इलेक्ट्रॉन मदतीला येतो. इलेक्ट्रॉनालाहि गिरकी असते आणि त्याचें चुंबकत्व हायड्रोजन-गर्भाच्या ६६० पट, कार्बन-१३ च्या तर सुमारें २,६०० पट प्रबळ असतें. अमेरिकेंतील अल्बर्ट ओव्हरहाउझर यांनीं १९५३ सालीं असें भाकीत केलें कीं, धातूंतील इलेक्ट्रॉनांना योग्य लहरींनीं डिवचलें तर त्यांची शिस्त अणुगर्भांकडे जाईल. तेव्हां पुष्कळांना तें खरें वाटलें नाहीं. पण त्याच वर्षीं कार्व्हर आणि स्लिक्टर यांनीं लिथियम धातूवर प्रयोग करून तें खरें ठरविलें. तथापि इलेक्ट्रॉन झाला तरी खोलीच्या उष्णमानावर, सात टेस्लाच्या दांडग्या क्षेत्रांतहि, त्याची शिस्त शेंकडा दीडच्या वर जात नाहीं. जो स्वतःच इतका विस्कळित, तो दुसऱ्याला किती शिस्त देणार?

यावरील उपाय फ्रान्समध्यें सुचला. आल्फ्रेड कास्लेर यांनीं १९५० सालीं प्रकाशानें अणूंना एका विशिष्ट स्थितींत ढकलण्याची रीत सांगितली. जणूं विहिरींतील पाणी पंपानें उपसून वरच्या टाकींत चढवावें तशी. त्याबद्दल १९६६ चें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. पुढें १९६८ सालीं जॉर्ज लांपेल यांनीं याच मार्गानें सिलिकॉनच्या स्फटिकांतील अणुगर्भांना प्रकाशाच्या द्वारें थोडी शिस्त लावून दाखविली. म्हणजे तत्त्व नवीन नव्हे. उणीव होती ती एखाद्या अशा जागेची कीं, जेथें प्रकाश, इलेक्ट्रॉन आणि अणुगर्भ हे तिघेहि एकमेकांशीं निवांतपणें व्यवहार करूं शकतील आणि उष्णता मध्यें तोंड घालणार नाहीं. अशी जागा हिऱ्यांत सांपडली.

हिऱ्याच्या दोषांचा विषय निघाला असतां आपल्याकडील एका प्रकरणाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. १९४० नंतरच्या कांहीं वर्षांत बंगलोर येथें सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या प्रयोगशाळेंत हिऱ्यांचा अभ्यास मोठ्या हौसेनें चालला होता. त्यांच्या विद्यार्थिनी अ‍ॅना मणी यांनीं तीसांहून अधिक हिऱ्यांच्या स्वयंप्रकाशाचे वर्णपट घेतले. तो प्रकाश इतका मंद कीं एकेका छायाचित्राला पंधरा-वीस तास लागत, आणि त्यासाठीं त्या रात्रीच्या रात्री प्रयोगशाळेंत काढीत. याच अ‍ॅना मणी १९४८ सालीं पुण्याच्या हवामानखात्यांत आल्या आणि वेधाच्या उपकरणांसाठीं पुढें नांवाजल्या. हिऱ्यांचें हें प्रकाशणें हा त्यांच्या घडणीचाच गुण असावा, असें रामन यांचें मत होतें. तें मात्र काळाच्या कसोटीला उतरलें नाहीं. बेल प्रयोगशाळेंतील कायझर आणि बाँड यांनीं १९५९ सालीं दाखवून दिलें कीं, बहुतेक हिऱ्यांत नत्राचे अणु शिरलेले असतात. हिऱ्याच्या अनेक रंगांचें आणि प्रकाशाचें मूळ अशा परक्या अणूंत व मोडलेल्या जागांत आहे. गोवळकोंड्याच्या ज्या नामांकित हिऱ्यांची पाण्यासारख्या स्वच्छतेबद्दल जगभर ख्याति आहे, त्यांपैकीं पुष्कळांत नत्र जवळजवळ नसतोच. अर्थात् या कामाला ते निरुपयोगी!

आपला दोष असा आहे. हिऱ्याच्या जाळींत एका कार्बनच्या जागीं नत्राचा अणु बसलेला आहे, आणि त्याच्या अगदीं शेजारची जागा रिकामी आहे. नत्र आणि रिकामी जागा यांच्या या जोडीला आपण नत्र-रिक्त केंद्र म्हणूं. ती मुद्दाम घडविण्याची कृति साधी आहे. नत्र असलेल्या हिऱ्यावर वेगवान् इलेक्ट्रॉनांचा मारा केला कीं कांहीं कार्बन-अणु आपल्या जागेवरून उडतात आणि जागा रिकाम्या पडतात. मग हिरा निर्वात भट्टींत सुमारें ८०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविला म्हणजे त्या रिकाम्या जागा जाळींतून भटकूं लागतात, आणि भटकतां भटकतां नत्राशेजारीं आल्या कीं तेथें अडकून पडतात. पिंवळसर हिरा या कृतीनंतर गुलाबी-जांभळा होऊन बाहेर येतो. अशा हिऱ्यांच्या तांबड्या प्रकाशाचा अभ्यास दक्षिण आफ्रिकेंत १९६५ च्या सुमारास सुरू झाला. १९७६ सालीं डेव्हिस आणि हॅमर यांनीं त्याची संगति लाविली. १९९७ सालीं जर्मनींतील केम्निट्झ येथें एकच एक केंद्र वेगळें ओळखून त्याच्या चुंबकत्वाचा ठाव घेण्यांत यश आलें, आणि तेव्हांपासून या विषयाला पूर आला.

या केंद्रांत सहा इलेक्ट्रॉन नांदतात. त्यांच्या गिरक्यांचा मेळ असा बसतो कीं एकंदर केंद्राला तीन स्थिति मिळतात: शून्य, अधिक एक आणि उणें एक. शून्याची पायरी सर्वांत खालीं. दुसऱ्या दोन तिच्याहून थोड्या वर. हें अंतर सेकंदाला २८७ कोटी आंदोलनें करणाऱ्या लहरीच्या ऊर्जेइतकें, म्हणजे स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टीच्या लहरींहून किंचित् जलद लहरीचें. खोलीच्या उष्णतेची ऊर्जा याच्या दोन हजार पटींहून अधिक असल्यामुळें अंधारांत तिन्ही पायऱ्यांवर जवळजवळ सारखीच वस्ती असते, प्रत्येकीवर एक-तृतीयांश.

आतां हिरवा प्रकाश पाडूं. येथें एका दुमजली वाड्याची कल्पना करावी. तळमजल्यावर तीन खोल्या आहेत, शून्य, अधिक एक आणि उणें एक. आणि माडीवर बरोबर त्यांच्याच डोक्यावर तशाच तीन. प्रकाशाचा कण तळच्या खोलींतील रहिवाशाला उचलून वरच्या खोलींत नेतो. दहा-बारा नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागांपैकीं दहा-बारा भागांत, तो तांबडा प्रकाश टाकीत पुढील जिन्यानें जेथून आला त्याच खोलींत उतरतो. एवढेंच असतें तर कितीहि प्रकाश पाडून वस्ती बदलली नसती. परंतु माडीवरच्या अधिक एक आणि उणें एक या दोन खोल्यांना मागील बाजूस एक अंधारा जिना आहे. त्या जिन्यानें उतरणारा तांबडा प्रकाश टाकीत नाहीं. वाटेंत तो थोडा रेंगाळतो, आणि खालीं येतो तेव्हां कित्येकदां शून्याच्या खोलींत येतो. उलट शून्याच्या वरच्या खोलींतून या जिन्याकडे जाणारें दार जवळजवळ बंदच असतें. अर्थात् जो एकदां शून्याच्या खोलींत आला तो फिरून फिरून तेथेंच येणार, आणि इतर दोन खोल्या कांहीं फेऱ्यांत ओस पडणार. प्रकाश पुरेसा प्रखर असला तर सेकंदाच्या कांहीं दशलक्षांश भागांत शेंकडा ऐंशीच्या आसपास केंद्रें शून्य स्थितींत येऊन बसतात.

नुसत्या थंडीनें एवढी शिस्त आणावयाची म्हटलें तर हीं केंद्रें परम शून्यापासून एक-दशांश अंशाच्याहि आंत न्यावीं लागतील. हिरा मात्र टेबलावर, हाताला कोमट लागेल अशा स्थितींत पडलेला असतो! ही एक प्रकारची शीतक्रियाच आहे; फक्त ती हिऱ्याला न शिवतां इलेक्ट्रॉनांच्या गिरक्यांना तेवढी शिवते. कोणी विचारील, मग त्या गिरक्यांतील अव्यवस्था गेली कोठें? ती नाहींशी झाली नाहीं. आंत जाणारा लेसरचा किरण एकरंगी आणि एकदिश, तर बाहेर पडणारा तांबडा उजेड नाना रंगच्छटांचा आणि दाही दिशांना विखुरणारा. शिवाय जाळीला थोडी कंपनेंहि मिळतात. अव्यवस्था या वाटेनें घराबाहेर पडते.

येथपर्यंत झाली ती इलेक्ट्रॉनांची कथा. अणुगर्भांना प्रकाशानें अजून स्पर्शहि केलेला नाहीं, आणि पुढेंहि तो करणार नाहीं. काम साधतें तें देवघेवीनें. इलेक्ट्रॉन आणि शेजारचा अणुगर्भ हे दोन चुंबक एकमेकांना ओढीत असतात. त्यामुळें इलेक्ट्रॉनाची गिरकी एक पायरी खालीं आणि अणुगर्भाची एक पायरी वर, अशी अदलाबदल त्यांना करतां येते. गिरक्यांची बेरीज कायम राहते. मात्र ऊर्जेचा हिशेबहि जुळावा लागतो, आणि तेथेंच घोडें पेंड खातें. इलेक्ट्रॉनाला पायरी बदलण्यास २८७ कोटींचा खर्च, तर अणुगर्भाचा व्यवहार मध्यम क्षेत्रांत पांच-सात लाखांचा. हा तफावतीचा सौदा पटणार कसा?

तो पटविण्यासाठीं केंद्राच्या आंसाच्या दिशेनें चुंबकीय क्षेत्र लावतात. क्षेत्र वाढूं लागलें कीं उणें एकची पायरी दर गाउसला २८ लाख आंदोलनांच्या हिशेबानें खालीं सरकते. सुमारें १,०२५ गाउस झाले म्हणजे ती शून्याच्या पायरीला येऊन भिडते. माडीवर दोन पायऱ्यांतील मूळ अंतर निम्मेंच असल्यामुळें तेथें ही गांठभेट ५१० गाउसच्या आसपासच पडते. (दहा हजार गाउस म्हणजे एक टेस्ला; तेव्हां हें क्षेत्र रुग्णालयांतील यंत्राच्या तिसाव्या भागाइतकेंच, आणि बाजारांत मिळणारा चांगला लोहचुंबक तें सहज देऊं शकतो.) पायऱ्या भिडल्या कीं अदलाबदल जवळजवळ फुकट होते. समजा, इलेक्ट्रॉन शून्य स्थितींत आहे आणि अणुगर्भाचें तोंड खालीं आहे. इलेक्ट्रॉन उणें एकवर जातो, अणुगर्भ वर तोंड करतो. लगेच प्रकाश इलेक्ट्रॉनाला मागच्या जिन्यानें पुन्हां शून्यावर आणून बसवितो. अणुगर्भाला तो हात लावीत नाहीं. आतां इलेक्ट्रॉन शून्यावर आणि अणुगर्भ वर, अशा या जोडीला उलट अदलाबदल करावयास जोडीदार स्थितीच उरत नाहीं; कारण त्यासाठीं इलेक्ट्रॉनाला अधिक एकवर चढावें लागेल, आणि ती पायरी तर या क्षेत्रांत आणखी दूर गेलेली असते. दार एकाच बाजूला उघडतें. खालीं तोंड असलेले अणुगर्भ एकेक करून वर वळतात आणि वरचे वरच राहतात. २००९ सालीं स्टुटगार्ट येथील संशोधकांनीं या रीतीनें केंद्रांतील खुद्द नत्राच्या अणुगर्भाला शेंकडा ९८ इतकी शिस्त लावून दाखविली. खोलीच्या उष्णमानावर, आणि तीहि पांचशें गाउसांत! मला या विषयांतील हा सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो.

परंतु केंद्राला चिकटलेला एक अणुगर्भ वळविणें निराळें आणि सबंध हिरा वळविणें निराळें. दहा लाख अणूंमागें एक केंद्र असें चांगलें दाट प्रमाण धरलें, तरी प्रत्येक केंद्राच्या वांट्याला कार्बन-१३ चे सुमारें अकरा हजार अणुगर्भ येतात. एका शिक्षकानें अकरा हजारांचा वर्ग सांभाळावयाचा! निसर्गानें ही सोय मात्र केली आहे कीं, शेजारीशेजारी असलेले दोन अणुगर्भ परस्परांतहि दिशांची अदलाबदल करूं शकतात; त्यामुळें केंद्राजवळ आलेली शिस्त, टीपकागदावर शाई पसरावी तशी, हळूहळू दूर झिरपत जाते. मौज अशी कीं अगदीं निकटचे अणुगर्भ या कामीं फारसे उपयोगी पडत नाहींत. त्यांच्यावर इलेक्ट्रॉनाच्या चुंबकत्वाचा इतका दाब असतो कीं दूरच्यांशीं त्यांचा सूर जुळत नाहीं. थोडें अंतर राखून असलेले अणुगर्भच शिस्त पुढें पोंचवितात.

झिरपण्याला वेळ लागतो, आणि तो वेळ हिरा देतो, ही त्याची दुसरी थोरवी. हिऱ्याची जाळी इतकी ताठर आहे कीं खोलीच्या उष्णमानावर तिचीं कंपनें फारच थोडीं असतात; म्हणून स्वच्छ हिऱ्यांत अणुगर्भांची शिस्त तासन् तास टिकूं शकते. ज्यांत केंद्रें दाट आहेत अशा हिऱ्यांत मात्र ती मिनिटांवर येते. कारण तेथें रिकामी जागा न लाभलेले पुष्कळ नत्र-अणु शिल्लक असतात, आणि त्यांचे मोकाट इलेक्ट्रॉन सारी घडी विसकटीत राहतात. केंद्रें वाढवावीं तर हे उपद्रवी नत्र वाढतात, नत्र कमी करावा तर केंद्रें कमी होतात. हिरा बनविणाऱ्यांचें कसब या तारेवरच्या कसरतींत आहे.

सबंध हिऱ्याला शिस्त लावण्याचे प्रयत्न झाले त्यांत २०१३ सालीं इझ्राएलमधील संशोधकांनीं पायऱ्या भिडविण्याच्या वरील रीतीनें कार्बन-१३ चें सुमारें अर्धा टक्का ध्रुवीकरण साधलें. २०१५ सालीं अमेरिकेंतील एका गटानें ४,२०० गाउसांत, प्रकाशाच्या जोडीला मायक्रोवेव्ह लहरी घेऊन, तें सहा टक्क्यांपर्यंत नेलें. सहा टक्के ऐकून कोणी नाक मुरडूं नये; त्याच क्षेत्रांत उष्णतेच्या कृपेनें जी शिस्त आपोआप मिळते तिच्या ही लाखाहून अधिक पट आहे.

या सर्व प्रयोगांत एक अट होती: हिरा एकसंध स्फटिक असावा आणि चुंबकीय क्षेत्र त्याच्या एका आंसाशीं काटेकोर जुळवावें. कारण नत्रापासून रिकाम्या जागेकडे जाणारी रेषा हिऱ्यांत चार दिशांपैकीं कोणतीहि असूं शकते, आणि या दिशांत १०९ अंशांचा कोन असतो. एक जुळविली कीं बाकीच्या तिन्ही तिरप्या पडतात. हिऱ्याच्या भुकटींत तर प्रत्येक कण वेगळ्याच दिशेला आडवा-उभा पडलेला. तेथें जुळवाजुळव कसली करणार? २०१८ सालीं बर्कले येथील संशोधकांनीं या अडचणींतून वाट काढली. क्षेत्र अगदीं मंद, दोन-तीनशें गाउसांच्या आंतलें ठेवावें आणि मायक्रोवेव्ह लहरींचा स्वर वाद्याच्या मींडेप्रमाणें खालून वर सतत सरकवीत न्यावा, म्हणजे ज्या कणाचा जो स्वर असेल त्यावरून लहर केव्हां ना केव्हां जातेच आणि त्या कणांतील देवघेव घडवून आणते. स्वर वरून खालीं सरकविला तर अणुगर्भ उलट दिशेला वळतात. या रीतीनें साध्या भुकटीचा आवाज सात टेस्लाच्या यंत्रांतील नैसर्गिक आवाजाच्या शेंकडों पट झाला. भुकटीला महत्त्व येण्याचें कारण तिचा पृष्ठभाग. शंभर नॅनोमीटरांच्या कणांची एक ग्रॅम भुकटी घेतली तर तिचा एकूण पृष्ठभाग सुमारें सतरा चौरस मीटर, म्हणजे एका चांगल्या दिवाणखान्याच्या जमिनीएवढा भरतो. आणि बाहेरच्या पदार्थाला शिस्त द्यावयाची तर ती पृष्ठभागांतूनच देतां येणार.

ही शेवटची मजल अद्याप पुरी गांठलेली नाहीं. हिऱ्यांतील शिस्त पायरुव्हेटसारख्या द्रवांत उतरवितां आली, तर द्रवरूप हेलियमचें काम एक लेसर, एक लहानसा चुंबक आणि चिमूटभर भुकटी करूं शकेल. २०१८ सालीं एकाहून अधिक प्रयोगशाळांनीं हिऱ्याच्या पृष्ठभागालगतच्या केंद्राकडून बाहेर लाविलेल्या थरांतील हायड्रोजन-गर्भांना शिस्त देऊन दाखविली. पण तो सारा व्यवहार कांहीं नॅनोमीटरांच्या टापूंतला. चुंबकांची परस्पर ओढ अंतराच्या घनाच्या प्रमाणांत घटते. अंतर दुप्पट झालें कीं जोर अष्टमांश. म्हणून केंद्र पृष्ठभागाच्या जितकें जवळ तितकें चांगलें. पण पृष्ठभागावरच तुटलेल्या बंधांचे मोकाट इलेक्ट्रॉन घुटमळत असतात, आणि केंद्र त्यांच्या जवळ गेलें कीं त्याची स्वतःचीच शिस्त बिघडते. कण लहान करावे तर पृष्ठभाग वाढतो, पण त्याबरोबर हा उपद्रवहि वाढतो आणि आंतील अणुगर्भांची शिस्त लवकर ओसरते. कण मोठे ठेवावे तर ती टिकते, पण बाहेर जाण्यास वाट उरत नाहीं. हिऱ्याच्या पृष्ठभागावर आम्लांची आणि प्राणवायूची प्रक्रिया करून तो अधिक स्वच्छ, अधिक शांत करण्याचे जे प्रयत्न ठिकठिकाणीं चालले आहेत, त्यांच्याकडे भौतिकशास्त्रज्ञांप्रमाणेंच रुग्णालयांतील मंडळीहि लक्ष ठेवून आहेत तीं याच कारणासाठीं.